बाळंतिणीचा हक्काचा विसावा

(गावच्या मंडळ्यांतील उपदेशक, शिक्षक व गृहिणी यांच्याकरिता धडा)

आपल्या खेड्यापाड्यांत बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, अशी फार जुनी रीत आहे. ह्या रीतीभोवती विटाळाच्या व दृष्ट लागण्याच्या अनेक खोट्या समजुती जमल्या असल्या, तरी तिच्या मुळाशी एक शहाणपणाची गोष्ट आहे. प्रसूतीनंतर गर्भाशय पूर्वस्थितीवर येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. अंगावरचे दूध ह्याच दिवसांत नीट सुरू होते. आणि गेलेले रक्त भरून येण्यास तर ह्याहूनही अधिक काळ लागतो. आपल्या आज्यापणज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, पण अनुभवाने त्यांना ते ठाऊक होते.

परंतु ही रीत कोणाच्या घरी पाळली जाते? ज्याच्या कणगीत दाणे आहेत, त्याच्या घरी. जेथे आजची चूल आजच्या मजुरीवर पेटते, तेथे सव्वा महिन्याचे बारा दिवस होतात, आणि ओली बाळंतीण बांधावरच्या झाडाला झोळी बांधून हाती खुरपे घेते. तिला विसाव्याची किंमत कळत नाही असे नाही. विसावा घेणे तिला परवडत नाही, हे खरे दुखणे होय.

आजच्या धड्यात ह्या दुखण्याचा विचार करावयाचा आहे. आपल्या देशात गरोदर व स्तनदा स्त्रियांस सरकारकडून काही रोख रक्कम, आहार व औषधोपचार मिळतात. ते कशाकरिता मिळतात, कोणास मिळतात, मागावयाचे कसे, आणि हाती आलेला पैसा कोणाच्या उपयोगी पडला पाहिजे, ह्या चार गोष्टी आपण क्रमाने पाहू.

१. हे साहाय्य कोठून आले?

पुष्कळांची अशी समजूत असते की, सरकार गरीब बायकांवर दया करून चार पैसे वाटते. मिळाले तर घ्यावे, न मिळाले तर गप्प बसावे. ही समजूत चुकीची आहे. हे साहाय्य कसे आले हे पाहिले, म्हणजे ती चूक ध्यानात येते.

इ. स. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. कामावरील स्त्रीस प्रसूतीपूर्वी सहा व प्रसूतीनंतर सहा आठवडे विसावा मिळावा, आणि त्या काळात तिचे व तिच्या मुलाचे नीट पोषण होईल इतके साहाय्य तिला मिळावे, असे त्या परिषदेने ठरविले. आपल्याकडे कामगारांचे पुढारी ना. म. जोशी ह्यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ह्या प्रकारचे विधेयक आणिले. परंतु ते संमत झाले नाही. पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळापुढे असेच विधेयक आले, तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी त्यास पाठिंबा दिला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेस विसावा मिळणे हे सर्व राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून ह्या खर्चाचा मोठा भार खरे पाहता सरकारनेच उचलावयास हवा. तथापि जो मालक तिच्या श्रमाचा लाभ घेतो, त्यानेही तो सोसणे न्यायाचे आहे.

पुढल्या वर्षी, म्हणजे १९२९ साली, मुंबईचा प्रसूति-साहाय्याचा कायदा झाला. आपल्या देशातील ह्या प्रकारचा हा पहिला कायदा होय. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीस प्रसूतीपूर्वी तीन व नंतर चार आठवड्यांपर्यंत, दिवसाकाठी आठ आण्यांच्या हिशेबाने, मालकाने पैसे द्यावे, असे त्यात ठरले. ह्यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मातेने दुबळी म्हणून हात पसरावा व कोणी तिला भीक घालावी, असे त्या कायद्याने म्हटले नाही. मूल जन्मास घालणे व वाढविणे हे सर्वांच्या हिताचे काम आहे; ते करिताना तिची मजुरी बुडते; ती बुडीत भरून काढणे हे इतरांचे कर्तव्य आहे, असे त्याने म्हटले.

परंतु हा कायदा गिरणीच्या फाटकाशी थांबला. शेतात राबणाऱ्या बाईपर्यंत तो पोचला नाही. स्वातंत्र्यानंतर सर्व देशाकरिता १९६१ साली प्रसूति-लाभाचा कायदा झाला, व २०१७ साली त्यात सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ह्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून २६ आठवड्यांची तरतूद तीत कायम आहे. पण रजा घ्यावयास आधी नेमणूक पाहिजे, हजेरीपट पाहिजे, मालक पाहिजे. जी आज ह्याच्या शेतात व उद्या त्याच्या मळ्यात निंदणी करिते, तिला रजा कोणी द्यावी?

अशा स्त्रियांकरिता सरकारने स्वतःच्या तिजोरीतून रोख साहाय्य देण्यास १९९५ साली आरंभ केला. २००५ साली ‘जननी सुरक्षा योजना’ निघाली. २०१० साली देशातील ५२ जिल्ह्यांत, व त्यांत आपल्याकडील अमरावती व भंडारा ह्या जिल्ह्यांत, इंदिरा गांधींच्या नावाची मातृत्व सहयोग योजना सुरू झाली. शेवटी २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. सरकारी नोकरीतील किंवा असाच लाभ दुसऱ्या कायद्याने मिळणाऱ्या स्त्रिया सोडून, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस निदान ६,००० रुपयांचे साहाय्य मिळावे, असे ह्या कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे. मुंबईच्या गिरणीपासून शेताच्या बांधापर्यंत यावयास कायद्यास ८४ वर्षे लागली. जो हक्क इतक्या उशिरा दारी आला, तो आपण दारातूनच परत लावू नये.

२. आज काय मिळते?

(अ) प्रधानमंत्री मातृवंदना योजना. — ही योजना १ जानेवारी २०१७ पासून सुरू झाली व १ एप्रिल २०२२ पासून तिचे नियम बदलले. पहिल्या अपत्याच्या वेळी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता ३,००० रुपयांचा. त्याकरिता गरोदरपणाची नोंद झाली पाहिजे, आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत निदान एक तपासणी झाली पाहिजे. दुसरा हप्ता २,००० रुपयांचा. मुलाच्या जन्माची नोंद होऊन चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसींचा पहिला क्रम पुरा झाला, म्हणजे तो मिळतो. दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये एकदम मिळतात. मात्र त्याकरिता गरोदरपणीच नोंद झालेली असणे अवश्य आहे. पहिल्या अपत्याकरिता शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांच्या आत, व दुसऱ्या मुलीकरिता तिच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मले, तर त्या मातेचा हक्क संपत नाही. पुढील खेपेस ती नव्याने लाभास पात्र ठरते.

(आ) जननी सुरक्षा योजना. — दारिद्र्यरेषेखालील, तसेच अनुसूचित जातींच्या व जमातींच्या स्त्रिया सरकारी अथवा मान्यताप्राप्त दवाखान्यात बाळंत झाल्यास महाराष्ट्रात खेड्यातील मातेस ७०० व शहरातील मातेस ६०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेखालील स्त्री घरी बाळंत झाल्यास ५०० रुपये मिळतात. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या अशा मातेस हे कितवे अपत्य आहे, ही अट २०१३ साली काढून टाकण्यात आली.

(इ) मोफत उपचार. — १ जून २०११ पासून ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम’ चालू आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूती, पोट चिरून करावी लागणारी शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त व जेवण ह्यांपैकी कशाचेही पैसे मातेकडून घ्यावयाचे नाहीत. साध्या प्रसूतीत तीन दिवस व शस्त्रक्रिया झाल्यास सात दिवस जेवण मिळते. घरापासून दवाखान्यापर्यंत व परत घरी पोचविण्यास गाडी मिळते. तिच्याकरिता १०२ ह्या क्रमांकावर, व जिवावर बेतले असता १०८ वर बोलवावे. आजारी अर्भकासही हे उपचार विनामूल्य आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून तपासणी होते. ही व्यवस्था २०१६ पासून आहे.

(ई) आहार. — गरोदरपणी व मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगणवाडीतून आहार मिळणे हाही २०१३ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. महाराष्ट्रातील आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम ह्यांच्या नावाच्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचे ताजे जेवण देण्यात येते.

(उ) बांधकाम मजूर. — आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधू गवंडीकामास व बिगारीस जातात. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात ज्याची नोंद आहे, त्याच्या पत्नीस, किंवा नोंद असलेल्या कामगार स्त्रीस, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत साध्या प्रसूतीस १५,००० व शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीस २०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. ही नोंद होण्यास मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. म्हणून अशा बंधूंनी पत्नीचे दिवस भरण्याची वाट न पाहता आपली नोंद आधीच करून ठेवावी.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कायदा ‘प्रत्येक माता’ म्हणतो व ६,००० म्हणतो. योजना मात्र पहिल्या अपत्यास ५,००० देते, आणि दुसरे अपत्य मुलगा झाल्यास काहीच देत नाही. जननी सुरक्षेची रक्कम मिळविली म्हणजे सरासरीने ६,००० होतात, असे सरकारचे म्हणणे आहे. पाच हजारांस सहा आठवड्यांच्या ४२ दिवसांनी भागिले, तर दिवसास सुमारे ११९ रुपये पडतात. ही रक्कम २०१७ सालची आहे. तेव्हापासून तेल, डाळ व गूळ ह्यांचे भाव कोठे गेले, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. सबब जे मिळते ते पुरेसे आहे असे कोणी समजू नये. परंतु ते थोडे आहे म्हणून सोडून देणे हाही शहाणपणा नव्हे.

३. हक्क वाटेत कोठे हरवतो?

पहिली जागा घरच्याच उंबरठ्यावर आहे. पुढील संभाषण कोणत्याही गावी ऐकू येण्यासारखे आहे. शिक्षकांची पत्नी एका घरी भेटीस गेली आहे व घरातील सासूशी बोलत आहे.

“मावशी, सूनबाईची नोंद अंगणवाडीत झाली का?”

“इतक्या लवकर कुठं, बाई? पोटातली गोष्ट चार-पाच महिने पोटातच ठेवावी. चारचौघींत बोभाटा झाला की दृष्ट लागते.”

“मावशी, नोंद म्हणजे बोभाटा नव्हे. अंगणवाडीची बाई तुमच्याच आळीतली. तिच्या वहीत नाव गेलं म्हणून काय होणार आहे? पण नाव गेलं नाही, तर सूनबाईचं रक्त कमी आहे की नाही, हे कोण सांगणार?”

“आमच्या वेळी कुणी रक्त पाहिलं नाही, तरी पाच लेकरं झालीच की.”

“झाली मावशी, पण जगली किती?”

सासूबाई गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “तीन.” आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “उद्या तुम्हीच न्या तिला, बाई. मीही येते.”

पहिल्या तीन महिन्यांत नोंद होणे ही सर्व साहाय्याची किल्ली आहे. नोंद झाली म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. वजन, रक्तदाब व रक्त तपासले जाते. आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. ह्या गोळ्या गरोदरपणी १८० दिवस व प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभरापैकी ५२ गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. अशा स्त्रीस प्रसूतीच्या वेळी थोडा रक्तस्राव झाला, तरी तो प्राणघातक होऊ शकतो. सबब नोंदीचा लाभ पैशाइतकाच जिवाचा आहे.

दुसरी जागा नावाची. लग्नाआधीचे नाव एक, सासरचे दुसरे. आणि आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या वेळी घेतलेले नाव तिसरे. आधारपत्रावर एक, बँकेत दुसरे व दवाखान्याच्या कार्डावर तिसरे असे झाले, म्हणजे अर्ज अडकतो. तरी आधारावर जे नाव जसे लिहिले आहे, तेच तसेच सर्व कागदांवर लिहावे. आणि नाव बदलावयाचे असेल, तर ते सर्व ठिकाणी दिवस राहण्यापूर्वीच बदलून घ्यावे.

तिसरी जागा बँकेची. पैसे थेट मातेच्या खात्यात जमा होतात, आणि आधार ज्या खात्याशी शेवटी जोडले असेल त्याच खात्यात ते जातात. पुष्कळ बाया एका खात्याचे पुस्तक घेऊन हेलपाटे घालतात, आणि पैसे भलत्याच, विसरलेल्या खात्यात पडून राहतात. बँकेत जाऊन हे एकदा विचारून घ्यावे.

चौथी जागा माहेरच्या वाटेवर आहे. पहिलटकरीण बाळंतपणास माहेरी जाते, ही आपली रीत गोड आहे. परंतु नोंद सासरच्या अंगणवाडीत, प्रसूती माहेरच्या दवाखान्यात, आणि लसी अर्ध्या इकडे व अर्ध्या तिकडे असे झाले, की दुसरा हप्ता अडतो. तेव्हा माहेरी जाताना कार्ड, आधारपत्र व बँकेचे पुस्तक ह्यांची पिशवी बरोबर द्यावी. जन्म ज्या गावी झाला, त्याच गावी २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करावी व दाखला हाती आल्यावाचून गाव सोडू नये. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलास शाळेत घालतानाही हाच दाखला लागणार आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांनीही ही पिशवी फडावर बरोबर न्यावी. लस कोणत्याही गावच्या आरोग्य केंद्रात टोचून मिळते व त्याच कार्डावर लिहून घेता येते.

पाचवी जागा जातीच्या दाखल्याची. हिच्याविषयी आपल्या मंडळ्यांत फार घोटाळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू, आणि पुढे झालेल्या दुरुस्त्यांप्रमाणे शीख व बौद्ध, ह्यांवाचून इतरांस अनुसूचित जातीत गणले जात नाही; म्हणून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबास त्या सदराखाली अर्ज करिता येत नाही. अनुसूचित जमातींच्या बाबतीत धर्माची अशी अट नाही. ह्यावरून काही बहिणी निराश होऊन घरी बसतात, व काही जण जुना दाखला पुढे करण्याचा सल्ला देतात. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. मातृवंदना योजनेची दारे पुष्कळ आहेत. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका, आयुष्मान भारत योजनेचे कार्ड, ई-श्रम कार्ड, शेतकरी स्त्रीच्या नावची किसान सन्मान निधीतील नोंद, चाळीस टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला, किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपेक्षा कमी असल्याचा दाखला, ह्यांपैकी कोणतेही एक पुरे होते. अंगणवाडी सेविका, मदतनीस व आशा ह्यांसही हा लाभ आहे. जननी सुरक्षेकरिता मात्र आपल्यातील बहुतेकांस दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिकाच दाखवावी लागेल. खऱ्या कागदाने जे मिळते, त्याकरिता खोटा कागद दाखवून आपला शब्द विकू नये.

सहावी जागा टाकलेल्या स्त्रीची. नवरा सोडून गेला, आता कोणाच्या नावाने अर्ज करू, असे म्हणून ती मागे राहते. २०२२ च्या नियमांत पतीचे आधारपत्र सक्तीचे राहिलेले नाही. हा लाभ मातेचा आहे, तिच्या नवऱ्याचा नाही. अशा बहिणीस हे घरी जाऊन सांगावे; कारण चारचौघांत विचारावयास ती येणार नाही.

४. पैसा हाती आल्यावर

येथवर सरकारचे काम झाले. पुढचे काम घराचे आहे. पैसे मातेच्या खात्यात जमा होतात, परंतु ते काढावयास पुष्कळदा दुसराच जातो. कोणी त्यातून दुकानदाराची उधारी भागवितो, कोणी बारशास गाव जेवू घालितो, आणि कोणी तर ते गुत्त्यावर ठेवून येतो. बाळंतीण मात्र पंधराव्या दिवशी पाण्याची घागर डोक्यावर घेते. मग ते साहाय्य कोणास मिळाले?

हा पैसा विसाव्याची किंमत म्हणून दिलेला आहे. ज्या घराने तो घेतला पण बाळंतिणीस विसावा दिला नाही, त्याने दुसऱ्याच्या ठेवीस हात लावला असे समजावे. त्याचा खर्च कसा करावा? आधी घरात दाणे भरावे, म्हणजे तिच्या मजुरीवाचून चूल पेटेल. मग तिच्या ताटाकडे पाहावे. डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, अंडी, दूध, व ज्यांच्याकडे चालते त्यांनी मासळी, हे बाळंतिणीचे खरे औषध होय. तिला पाणी कमी द्यावे, पालेभाजी वर्ज्य करावी, ह्या समजुती टाकून द्याव्या. दूध पाजणाऱ्या स्त्रीस पाणी व अन्न दोन्ही अधिक लागतात. मुलास मात्र सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नये. मध नको, घुटी नको, वरचे पाणीही नको. पहिले पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकण्याची चाल काही घरी अजून आहे. ती अगदी सोडावी. तेच दूध मुलाचे पहिले संरक्षण आहे.

आणि ज्या घरी पैसा आला नाही, किंवा तिसरे अपत्य म्हणून येणारच नाही, तेथील बाळंतिणीचे काय? तिचे अंग सरकारी नियमाप्रमाणे थकत नाही. तिलाही तोच विसावा लागतो. नवऱ्याने सहा आठवडे पाणी भरले व सरपण आणिले, म्हणून त्याची अब्रू जात नाही. शेजारणींनी आळीपाळीने एकेक वेळची भाकर दिली, तर कोणाच्या घरी तूट येत नाही. कायद्याने जे सरकारास सांगितले, ते शेजाऱ्यास कोणी सांगावयाची वाट पाहू नये.

५. मंडळीने करावयाचे काम

हे काम मोठ्या खर्चाचे नाही; नियमितपणाचे आहे. प्रत्येक गावी शिक्षकाने किंवा त्याच्या पत्नीने एक वही ठेवावी. तीत गावातील गरोदर स्त्रीचे नाव, नोंदीची तारीख, तपासण्या, प्रसूतीचा अंदाजी दिवस, जन्माची नोंद, लसी व मिळालेले हप्ते अशी सदरे असावी. ही वही केवळ आपल्या मंडळीतल्या स्त्रियांकरिता नसावी. आळीतील प्रत्येक घराकरिता असावी. मात्र ती चारचौघांत वाचून दाखवू नये. कोणाचे दिवस भरत आहेत, हे तिने स्वतः सांगेपर्यंत वहीतच राहावे.

अंगणवाडीची सेविका व आशा ह्यांच्याशी स्नेहाने वागावे. त्यांच्यावर कामाचा बोजा फार असतो; भांडून जे होत नाही, ते बरोबर बसून कागद लावून दिल्याने होते. अर्ज दिला की त्याची पोच मागून घ्यावी व ती वहीत चिकटवावी. कोणी पैसे मागितले तर देऊ नये. ह्या कामास फी नाही. दोन महिन्यांत काही कळले नाही, तर पोच घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा तालुक्याच्या बालविकास कार्यालयात जावे. एकट्या बाईस पाठवू नये. बरोबर कोणी वाचता येणारे असावे. नियम वरचेवर बदलतात. म्हणून दर सहा महिन्यांनी अंगणवाडीत जाऊन ह्या धड्यातील आकडे ताडून पाहावे.

वाचकहो, आपल्या आयांपैकी कितीजणी बाराव्या दिवशी शेतात गेल्या, ते आठवा. त्यांनी ते आनंदाने केले नाही, आणि त्यांच्या पाठीच्या दुखण्याने पुढे त्यांना जन्मभर सोडिले नाही. ह्या महिन्यात आपल्या आळीत जी बाळंतीण आहे, तिच्यावर ती पाळी येऊ नये, एवढे जरी ह्या धड्याने साधले, तरी पुष्कळ झाले.

विचारावयाचे प्रश्न

१. सव्वा महिन्याच्या रीतीत टाकण्याजोगे काय आहे व राखण्याजोगे काय आहे?

२. १९२९ च्या कायद्याचा लाभ शेतमजूर स्त्रीस का मिळाला नाही?

३. मातृवंदना योजनेचा पहिला हप्ता मिळण्यास कोणत्या दोन गोष्टी झाल्या पाहिजेत? दुसऱ्या हप्त्यास कोणत्या?

४. सून माहेरी जाताना पिशवीत कोणते कागद द्यावे?

५. जातीचा दाखला नसलेल्या बहिणीने कोणत्या कागदावर अर्ज करावा?

६. आपल्या गावात आज किती स्त्रिया गरोदर आहेत, आणि त्यांपैकी कितींची नोंद झाली आहे? (ह्या प्रश्नाचे उत्तर पुढील सभेपूर्वी घरोघर जाऊन काढावे.)